चिमणीची घंटा

त्या गावात दोन गोष्टींना तोटा नव्हता. एक धूळ आणि दुसरे सिनेमातले लोक. धुळीचं कारण सोपं आहे, रस्ता कच्चा होता. पण एवढ्याशा गावातून इतकी माणसं पडद्यावर कशी गेली, हे कोडं कुणालाच सुटलं नाही. कुणी म्हणे विहिरीचं पाणी. कुणी म्हणे शाळेतले भूगोलाचे मास्तर, कारण ते इतकं कंटाळवाणं शिकवायचे की पोरं मागच्या बाकावर नकला करूनच मोठी झाली.

काही का असेना, यादी मोठी होती. एक खलनायक होता. पडद्यावर अख्ख्या वस्त्या पेटवायचा, पण घरी आला की आईला विचारल्याशिवाय अंघोळीलाही जायचा नाही. त्याला गावात गोगलगाय म्हणत. दुसऱ्या एका भल्या माणसानं आयुष्यभर फक्त प्रेतांची कामं केली. श्वास रोखण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याला सगळे प्रेमानं मुडदा म्हणत आणि तोही आनंदानं ओ देई. आणि या सगळ्यांवर कळस म्हणजे राणी. तिचं खरं नाव गाव केव्हाच विसरलं होतं. राणी नायिका होती, नुसती नायिका नाही, तर जिच्या नावावर तिकीट खपतं अशी नायिका. त्यातही तिच्या हातांचं गावाला भारी कौतुक. पडद्यावर ते हात पत्र फाडायचे, दिवा मालवायचे, दाराची कडी काढायचे, आणि बायका उसासे टाकायच्या. गावच्या ब्यूटी पार्लरवर पाटीच होती, ‘राणीसारखे हात करून मिळतील.’

गावात थिएटर एकच, आणि त्या थिएटरची एक रीत होती. आत दारापाशी एक पितळी घंटा टांगलेली होती. पडद्यावर गावचा माणूस पहिल्यांदा दिसला की डोअरकीपरनं दोरी ओढायची. टण्ण! की सगळं थिएटर टाळ्या वाजवणार. मग तो नायक असो, नाहीतर चहा ठेवून जाणारा वेटर. माणूस गावचा असला म्हणजे झालं. अट एकच, चेहरा दिसला पाहिजे. गोगलगायीची आई तर पहिल्या रांगेत बसून लेकाची घंटा ऐकायची आणि शेवटी त्याला नायकानं बडवला की ‘मेल्या, पुरे की!’ म्हणून नायकावर ओरडायची.

ही दोरी ज्याच्या हातात होती, तो डोअरकीपर म्हणजे आपला दादा. गळाबंद कोट, पितळी बटणं, नाकावर जाड भिंगांचा चष्मा. अख्खं गाव त्याला दादाच म्हणायचं, पण त्याला खरं दादा म्हणणारी एकच होती. त्याची धाकटी बहीण, चिमणी.

चिमणी आणि राणी शाळेत एका बाकावर बसायच्या. राणीला सिनेमाचं बोलावणं आलं तेव्हा तिची आई म्हणाली, ‘एकटी नाही पाठवायची.’ म्हणून सोबतीला चिमणी गेली. बस थिएटरसमोरून वळली तेव्हा खिडकीतून चिमणीचा हात बाहेर आला आणि वळण संपेपर्यंत हलत राहिला. दादा दारात उभा होता. तेव्हा त्याच्या डोळ्यांत धूळ गेली होती, असं तो अजून सांगतो.

चिमणी मग तिकडेच राहिली. महिन्या-दोन महिन्यांनी फोन करायची आणि म्हणायची, “दादा, आता राणीचा नवा येतोय ना, त्यात मी आहे हं.”

“अगं, कुठे आहेस? कोणतं काम?”

“ते नाही सांगता यायचं. पण आहे. नीट बघ.”

झालं! दादा डोळ्यांत तेल घालून बसायचा. नायिकेच्या मैत्रिणी, बाजारातली गर्दी, दवाखान्यातल्या नर्सा, लग्नातल्या बायका, सगळ्यांचे चेहरे तपासायचा. सिनेमा उतरेपर्यंत रोज तेच. चिमणी काही दिसायची नाही. आईला शिवणातून थिएटरला यायला सवड नसायची, पण ती होती तोवर रोज उंबऱ्यातच विचारायची, “वाजवलीस का रे माझ्या चिमणीची घंटा?” दादा म्हणायचा, “उद्या वाजवतो.” आई गेली, पण तो उद्या काही उगवला नाही.

एकदा मात्र त्यानं वाजवली होती. बाजाराच्या दृश्यात एक बाई पाठमोरी उभी होती. तीच वेणी, तोच खांद्यांचा उतार. दादाला राहवलं नाही, त्यानं दोरी ओढली. टाळ्या कडाडल्या, आणि ती बाई वळली. तिला मिशा होत्या! पोलिसांपासून लपायला बाईचे कपडे घातलेला तो विनोदी नट होता, आणि तोही परगावचा. थिएटर खुर्च्यांवरून खाली पडायचं बाकी राहिलं. पुढे कित्येक महिने न्हावी दादाची दाढी करताना विचारायचा, “ताईंची पण करायची आहे का?” मालकानं मात्र हसण्यावारी नेलं नाही. तो म्हणाला, “दादा, घंटा ही थिएटरची इज्जत आहे. पुन्हा खोटी वाजली तर दोरी सोडून द्यायची. कँटीनवाला केव्हाचा टपून बसलाय.”

तेव्हापासून दादा सांभाळून होता. गावातले लोक म्हणायचे, चिमणी कसली सिनेमात, राणीच्या पिशव्या धरत असेल. दादा ऐकून घ्यायचा. बहीण खोटं बोलते असं त्याला कधी वाटलं नाही, पण आपले डोळे कुठे कमी पडतात हेही कळायचं नाही. आयुष्यात एकदा चिमणीसाठी घंटा वाजवायची, एवढंच त्याला हवं होतं. आणि चुकली, तर ती दोरीच हातातून जाणार होती.

अशात थिएटरला पन्नास वर्षं झाली. मालकानं ठरवलं, राणीचा पहिला सिनेमा लावायचा, आणि गावचे सगळे सिनेमावाले बोलवायचे. राणीनं येते म्हणून कळवलं. चिमणी दोन दिवस आधीच येऊन दादाच्या घरी उतरली.

आता घर दादाचं असलं तरी राज्य वहिनीचं. वहिनी मनानं लोणी, पण जिभेवर तिखट. आणि चिमणी आली ती हातमोजे घालून! पांढरे, पातळ, सुती हातमोजे. घरात हातमोजे, अंगणात हातमोजे, झोपताना कसलंसं मलम चोपडून वर पुन्हा हातमोजे. भाजी चिरायला सुरी पुढे केली तर बाई दोन पावलं मागे. भांडी घासायला तर नावच नको.

“त्वचा नाजूक आहे हो, वहिनी,” चिमणी कसंनुसं हसून म्हणायची.

वहिनीनं दोन दिवस दम धरला. मग स्वयंपाकघरात दादाला गाठलं. “अहो, तुमच्या बहिणीच्या हातांना काय सोनं लागलंय? उकळत्या चहाच्या भांड्यापासून अशी पळते जसा काही तो साप! हात असावेत तर राणीसारखे. नाजूकच्या नाजूक आणि कामाला वाघ. त्या पहिल्या सिनेमात कसे झरझर चालतात! नाहीतर आमच्या वन्सं.”

“हळू बोल, ऐकेल ती.”

“ऐकू दे की! मी काय चोरून बोलतेय?”

चिमणी बाहेरच्या खोलीत होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं. तिचा चेहरा मोठा गमतीदार झाला होता, हसू दाबावं तसा.

सोहळ्याच्या दिवशी सकाळी दादाच्या कोटाचं वरचं बटण तुटलं. ऐन वेळी तुटणार नाही तर केव्हा तुटणार! वहिनी सुईदोरा घेऊन बसली. आता या घरात सुई ओवायची एक पद्धत होती. दादाची आई कपडे शिवून घर चालवायची, ही पद्धत तिची. लोक दोरा ओला करतात आणि सुईच्या भोकात खुपसत बसतात. आई दोरा चिमटीत असा धरायची की टोक जेमतेम दिसावं, आणि वरून सुईच त्याच्यावर उतरवायची. ‘दोऱ्याला टोपी घालायची,’ म्हणायची. आणि पहिला टाका घालण्याआधी सुईच्या टोकानं कापडावर दोनदा टकटक करायची. का, तर म्हणे कुणाच्याही घरात शिरताना दार वाजवावं. ही टकटक जगात तिघींनाच येत होती. आईला, चिमणीला आणि सासूच्या हाताखाली शिकलेल्या वहिनीला.

वहिनीनं रागाच्या भरात सुई ओवली आणि थेट खुपसली.

“वहिनी,” चिमणी पटकन म्हणाली, “टकटक राहिली.”

वहिनीनं वर पाहिलं. “एवढं आठवतंय तर तुम्हीच लावा की बटण.”

चिमणीचे हातमोज्यातले हात क्षणभर पुढे आले आणि मागे गेले. “तुम्हीच लावा,” ती म्हणाली. वहिनीनं टकटक केली खरी, पण ती जरा जोरातच झाली.

संध्याकाळी थिएटर खचाखच भरलं. गोगलगाय आईचा हात धरून आला. मुडदा आला, आणि लोकांनी जिवंत बघून त्याला टाळ्या दिल्या. राणी आली तेव्हा तर धुळीचा लोट उठला. वय झालं तरी काय ती ऐट! हातात हा एवढा मोठा फुलांचा गुच्छ, आणि तो काही ती खाली ठेवेना. पहिल्या रांगेत बसली ती चिमणीला शेजारी ओढून. दादा घंटेपाशी उभा राहिला. वहिनीला दाराजवळचं स्टूल मिळालं. डोअरकीपरची बायको असण्याचा तेवढा तरी फायदा!

अंधार झाला. सिनेमा सुरू झाला. राणी जिन्यावरून धावत उतरली, टण्ण! टाळ्या. गोगलगाय तरुणपणी साध्या पहारेकऱ्याच्या कामात होता, टण्ण! आई रडली. मुडदा नदीकाठी पालथा सापडला आणि पोलिसानं त्याला उताणा केला तेव्हा चेहरा दिसला, टण्ण! शिट्ट्या वाजल्या.

दादाला हा सिनेमा तोंडपाठ होता. पुढे नायक लढाईला निघतो, राणी त्याच्या कोटाचं बटण लावून देते, आणि लगेच स्टेशनवरच्या गर्दीचं मोठं दृश्य येतं. गर्दी म्हणजे चेहरेच चेहरे! म्हणून बटणाचं दृश्य आलं की दादा दरवेळी चष्मा काढायचा आणि कोटाच्या बाहीनं भिंगं लख्ख पुसून घ्यायचा, पुढच्या गर्दीसाठी. बटण लावणाऱ्या हातांत काय बघायचंय? ते राणीचे, सगळ्या जगाला ठाऊक. इतक्या वर्षांत त्यानं ते दृश्य एकदाही धड पाहिलं नव्हतं.

आजही त्यानं चष्मा काढला आणि पुसायला लागला.

वहिनी मात्र बघत होती. हा सिनेमा तिनं पूर्वी पाहिला होता तो लग्नाआधी, सासूची पद्धत शिकण्यापूर्वी. आणि आता दोन दिवस तिच्या डोक्यात हातांशिवाय दुसरा विषयच नव्हता. पडदाभर दोन हात आले. चिमटीत दोरा, टोक जेमतेम दिसणारं. वरून सुई अलगद खाली आली आणि दोऱ्याला टोपी घातली गेली. वहिनी स्टुलावरून अर्धी उठली. तिनं दादाच्या कोटाला असा हिसडा दिला की सकाळी लावलेलं बटण पुन्हा लोंबायला लागलं.

“अहो! चष्मा घाला! घाला म्हणते ना!”

“काय गं?”

“आधी घाला!”

दादानं घाईघाईनं चष्मा नाकावर चढवला. पडद्यावर सुईचं टोक कापडाशी थांबलं होतं. मग त्यानं दार वाजवलं. टकटक.

तो हात त्याच्या आईचा होता, पण आई तर सिनेमात कधी गेली नव्हती. म्हणजे तो हात... त्याला एकदम सगळं दिसलं. हातमोजे दिसले, मलम दिसलं, ‘आहे मी, नीट बघ’ ऐकू आलं. पडद्यावर टाके पडत होते. दोन-चार टाके आणि दृश्य संपणार. चेहरा दिसत नव्हता. चेहरा दिसल्याशिवाय घंटा नाही, ही रीत. चुकलं तर दोरी जाणार. कँटीनवाला पलीकडच्या दारात उभाच होता.

“बघता काय?” वहिनी म्हणाली. “ओढा!”

दादानं दोरी ओढली. टण्ण! आणि त्याला एकदा पुरली नाही. टण्ण! टण्ण!

टाळी एकही पडली नाही. लोक पडद्यावर माणूस शोधायला लागले. पडद्यावर तर राणीचे हात, आणि राणीची घंटा मघाशीच झालेली! मागून कुणीतरी ओरडलं, “दादा, आज कुणाला मिशा आहेत?” हशा पिकला. मालकानं दिवे लावायला लावले आणि सिनेमा थांबवला. तो तरातरा दादाकडे आला. “आज? पाहुण्यांसमोर? दादा, सोड ती दोरी.”

“खोटी नाही वाजली,” दादा म्हणाला. दोरी त्यानं घट्ट धरली होती. “ते हात माझ्या चिमणीचे आहेत.”

चिमणी पहिल्या रांगेतून उठली. “नाही, नाही, दादाची चूक झाली. दादा, कशाला हात दाखवून अवलक्षण? राणीचेच आहेत ते.”

“खाली बस गं, चिमणे,” राणी म्हणाली.

ती शांतपणे उभी राहिली, गुच्छ गोगलगायीच्या आईच्या मांडीवर ठेवला आणि लोकांकडे वळून दोन्ही हात वर केले. जवळच्या रांगांतून ‘आँ!’ असा आवाज आला. बोटं जाडजूड, आणि नखं? नखं नव्हतीच! पार मुळापर्यंत कुरतडलेली.

“हे माझे हात,” राणी म्हणाली. “शाळेत नखं खायचे, अजून खाते. इथे बसल्या बसल्यासुद्धा एक खाल्लंय. पहिल्याच शूटिंगला दिग्दर्शकानं हे हात बघितले आणि डोक्याला हात लावला. तेव्हा ही पुढे झाली. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक सिनेमात चेहरा माझा आणि हात हिचे. पडद्यावर मी पत्र लिहिलं, ते हिनं लिहिलं. मी दिवा मालवला, तो हिनं मालवला. कुणाला सांगायचं नाही असं हिच्याकडून वचन घेतलं होतं. तेव्हा मला लाज वाटायची. आता या वयात कसली लाज?”

“अगं, पण वचन!” चिमणी पुटपुटली.

“वचन तू दिलं होतंस, मी नाही. मला तोंड आहे.” आणि ती मालकाकडे वळली. “घंटा बरोबर आहे. जरा उशिरा वाजली, एवढंच. माझ्या सिनेमांना तुम्ही जितक्या टाळ्या दिल्यात, त्यातल्या अर्ध्या हिच्या आहेत.”

तिसऱ्या रांगेत पार्लरवाली बाई कपाळाला हात लावून बसली होती. पाटीवर आता काय लिहायचं, हा तिचा प्रश्नही खराच होता म्हणा.

मालक खाकरला. त्यानं आधी दादाकडे पाहिलं, मग वर ऑपरेटरच्या खिडकीकडे. “मागे घे रे,” तो ओरडला. “बटणापासून लाव.”

दिवे गेले. पुन्हा दोरा चिमटीत आला, पुन्हा टोपी चढली. टकटक झाली आणि दादानं दोरी ओढली. अहाहा, काय टाळ्या पडल्या! लोक खुर्च्यांवर उभे राहिले. मुडद्यानं दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की इतकी वर्षं रोखलेला श्वास सगळा बाहेर पडला असावा. दादा रडत होता आणि या वेळी धुळीचं नाव सांगायची त्याला गरज वाटली नाही. ‘वाजवली गं, आई,’ तो मनात म्हणाला.

सिनेमा संपल्यावर चिमणी त्याच्यापाशी आली. दादा म्हणाला, “अगं, मी तुला गर्दीत शोधत होतो. सगळ्या गर्दीत. कोपऱ्याकोपऱ्यात.”

“आणि मी अख्खा पडदा भरून होते, दादा. मला वाटायचं, तू तरी ओळखशील.”

“काखेत कळसा आणि गावाला वळसा,” वहिनी मध्येच म्हणाली. “अहो, काखेत तरी असता! डोळ्यांसमोर होता तुमच्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणीनं हातमोजे काढून ठेवले, बाह्या सरसावल्या आणि भांडी घासायला बसली. “आता सुटले मी, वहिनी,” ती म्हणाली. “राणीही काम थांबवतेय आणि मीही.”

“खबरदार!” वहिनी पळतच आली आणि तिच्या हातातून पातेलं ओढून घेतलं. “उठा तिथून. गावाचे हात आहेत ते.” मग जरा थांबून, दुसरीकडेच बघत म्हणाली, “मी बोलले त्या दिवशी ते... जिभेला हाड नाही माझ्या.”

“तुम्ही राणीच्या हातांचं किती कौतुक केलंत,” चिमणी म्हणाली. “मी बाहेर बसून सगळं खाल्लं की ते!”

दोघी इतक्या हसल्या की शेजारीण बघायला आली. शेवटी भांडी दोघींनी मिळून घासली.

दुपारच्या बसनं चिमणी निघाली, तिकडचं बिऱ्हाड आवरून गावी कायमचं यायला. दादाला ड्यूटी होती, म्हणून तिनं घरूनच निरोप घेतला. थिएटर रिकामं होतं. मालक आत हिशेब बघत बसला होता. बस थिएटरसमोरून वळली तसा दादा दाराशी येऊन उभा राहिला. चष्मा आधीच पुसलेला होता. खिडकीतून एक हात बाहेर आला. उघडा, हातमोज्याशिवाय.

टण्ण! टण्ण! टण्ण!

मालक धावत बाहेर आला. “दादा, अरे शो नाही, माणूस नाही, घंटा कुणाला?”

दादानं दोरी सोडली नव्हती. त्यानं नुसतं वळणाकडे बोट दाखवलं. धुळीत तो हात अजून हलत होता. मालकानं क्षणभर पाहिलं, मग पेन खिशात खोचलं आणि भर रस्त्यात उभा राहून टाळ्या वाजवायला लागला.